गाऊन ओढणारी

“कोण ओढतंय माझा गाऊन?”

सरांनी भर कोर्टात मागे वळून विचारलं आणि कोर्ट हसलं. समोरच्या बाजूचे वकील हसले, मागच्या बाकांवरचे अशील हसले, न्यायाधीशांनीही ओठ दाबून कागदांत मान घातली. सगळ्यांना वाटलं, सरांनी गंमत केली. सर त्यासाठी प्रसिद्धच होते. ही गंमत नाही, हे त्या दालनात एकाच माणसाला कळलं, आणि तिने मुठीतलं काळं कापड सोडून दिलं.

ती सरांची ज्युनिअर. वय सत्तेचाळीस. कानांवरचे केस पांढरे झाले, जवळचं वाचायला चष्मा लागला, तिच्या मागून आलेली पोरं स्वतःच्या पाट्या लावून मोकळी झाली, तरी कोर्टाच्या शिपायापासून न्यायाधीशांपर्यंत सगळे तिला ज्युनिअरच म्हणत. भाची चिडवायची, “मावशी, तू म्हातारी झालीस की तुला सीनिअर ज्युनिअर म्हणतील का गं?” तिला त्याचं वाईट वाटत नसे. काही माणसांना दुसऱ्याच्या मागे उभं राहण्यातच आपली जागा सापडते. तिला ती फार लवकर सापडली होती.

सरांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं, “वकिलाचं तोंड पुढे, ज्युनिअरचा हात मागे. बोलण्याच्या भरात मी भलतीकडे चाललो की गाऊन ओढायचा. एकदा ओढलास की मी थांबेन. दोनदा ओढलास की समजेन, पान चुकलंय. लाजायचं नाही. गाऊनला मागे एवढं कापड उगाच नाही देत.” तसे सगळेच ज्युनिअर ओढतात. पण हिचा हात इतका हलका की समोरच्याला कधी पत्ता लागला नाही. आधी वर्षातून कधीतरी ओढावं लागे. मग महिन्यातून. गेली दोन वर्षं सर बोलायला उठले की ती कापड मुठीत धरूनच उभी राहायची.

त्या दिवशी खटला होता एका इस्त्रीवाल्या बाईंचा. जिन्याखालची चिंचोळी जागा, तिच्यात एक टेबल, एक जड इस्त्री आणि भिंतीतल्या खिळ्यांवर लोकांचे शर्ट. एवढंच दुकान, आणि त्याच्यावरच सगळं घर. घरमालकाचं म्हणणं, बाई मध्ये वर्षभर दुकान बंद करून गेल्या होत्या, सबब त्यांचा हक्क संपला. बाईंचं म्हणणं, त्या वर्षी नवरा अंथरुणाला खिळला होता, मी त्याच्या उशाशी होते, पण दुकान माझ्या जावेने चालवलं, एक दिवसही बंद नव्हतं. सगळा खटला त्या एका वाक्यावर उभा होता.

न्यायाधीशांनी विचारलं तेही तेवढंच. “त्या वर्षी दुकान बंद होतं, हे आपल्या अशिलाला मान्य आहे की नाही?”

सर थांबले. नुसत्या मानेवरून ज्युनिअरला कळलं की आतला दिवा गेला. तिने ओढलं. पुन्हा ओढलं. तेव्हा सर वळले आणि ती गंमत झाली. हशा ओसरल्यावर ते न्यायाधीशांकडे तोंड करून आपल्या त्या खणखणीत आवाजात म्हणाले, “मान्य आहे.”

वकील मान्य म्हणाला की अशिलाने मान्य केलं. बाजूला बसलेल्या लघुलेखकाची बोटं चालली आणि ते शब्द कागदावर गेले. ज्युनिअरला पुढे होऊन एक वाक्य बोलायचं होतं. माफ करा, बोलण्यात चूक झाली, आम्हाला हे मान्य नाही. बस. पण ज्या माणसाने आपल्याला उभं राहायला शिकवलं, त्याला भर कोर्टात खोटं पाडायचं? आणि मघाचं हसू अजून तिच्या कानांत होतं. आता बोलले तर पुन्हा हसतील, आणि या खेपेला खरं कारण कळून हसतील. ती मूग गिळून बसली. पुढच्या खटल्याचा पुकारा झाला.

बाहेर व्हरांड्यात इस्त्रीवाल्या बाईंनी तिला गाठलं. “झालं का मॅडम आपलं? काय म्हणाले जज्जसाहेब?”

“तारीख देतील.”

तारीख नाही दिली, निकालच दिला. दुकान रिकामं करा. निकालाचा कागद बाईंनी कुणाकुणाकडून वाचून घेतला, आणि मग ऑफिसात येऊन टेबलासमोर उभ्या राहिल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. एकच विचारत राहिल्या.

“मी कुठे मान्य केलं होतं?”

ज्युनिअरने पाण्याचा ग्लास पुढे केला. बाईंनी तो घेतला नाही.

कुणीतरी बाईंना सांगितलं की वकिलांचा एक संघ असतो आणि तिथे वकिलाचीही तक्रार करता येते. त्यांनी केली. आता या संघाची गंमत अशी की वकिलांच्या वागणुकीवर लक्ष ठेवायला त्यांची एक आचार समिती होती, आणि पंधरा वर्षं तिचे अध्यक्ष होते सर. नियमही त्यांनीच लिहिलेले. तक्रार रीतसर अध्यक्षांच्या टेबलावर गेली. सरांनी ती लक्षपूर्वक वाचली, ‘प्रकरण गंभीर आहे, संबंधित वकिलास ताबडतोब बोलावून घ्यावे’ असा शेरा मारला आणि खाली झोकात सही केली.

ही गोष्ट दुपारपर्यंत संघाच्या इमारतीत सगळ्यांना कळली. आधी लोक हसले. मग एकेकाच्या लक्षात आलं, आणि लोक नुसतेच एकमेकांकडे बघत राहिले.

संघाचे सचिव ज्युनिअरला वाचनालयात घेऊन गेले. त्यांचं बोलणं इतकं मऊ की मागे सगळे त्यांना ‘लोणी’ म्हणत. समोर अर्थात कुणी म्हणत नसे, कारण कुणाला कधी त्यांची गरज पडेल सांगता येत नाही.

“बस गं, बस. किती दगदग करतेस तू. चहा सांगू?”

“नको.”

“हे बघ, मी सरळच बोलतो. सोमवारी समिती बसेल. अध्यक्षांच्या जागी उपाध्यक्षबाई असतील. तुला एकच प्रश्न येईल, आणि तुला एकच सांगायचंय. त्या दिवशी सरांना ताप होता. अंगात कणकण होती, डोकं जड होतं, तोंडून चुकून शब्द गेला. असं एकदाच झालं. संपलं! सर प्रकृतीच्या कारणाने निवृत्त होतील, आपण मोठा सत्कार करू. ती भिंत बघ.” भिंतीवर जुन्या थोर वकिलांच्या तसबिरी होत्या आणि शेवटी एक नवा खिळा होता. “तयारी झालीय सगळी.”

“आणि बाईंचं काय?”

“वाईट झालं बिचारीचं. पण वकील चुकला तर ती चूक अशिलाच्या पदरात पडते. कायदाच आहे, मी काय करू?”

“पण सर आजारी आहेत, आणि ते आजूबाजूच्यांना माहीत होतं, असं सिद्ध झालं तर त्यांचं ‘मान्य आहे’ धरत नाहीत. खटला पुन्हा चालतो.”

लोण्याने तिच्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. “किती दिवसांपासून आजारी?”

ती त्या नव्या खिळ्याकडे बघत राहिली.

“बघ, तूच विचार कर,” तो आवाज आणखी मऊ करून म्हणाला. “मग त्या सगळ्या दिवसांतला प्रत्येक अशील उठेल. म्हणेल, माझाही खटला उघडा. संघ काय करत होता, म्हणून विचारतील. अध्यक्षपदावर कसे बसवलेत, म्हणून विचारतील. त्यात निवडणूक तोंडावर. एका जिन्याखालच्या दुकानासाठी सगळ्यांच्या तोंडाला काळं फासायचं का? आणि तुझं काय होईल, ते मी सांगायला नको. नियम तूच टाइप केलायस.”

केला होता. सर येरझाऱ्या घालत सांगत होते आणि ती टाइप करत होती. सहकाऱ्याकडून काम होत नाही हे दिसत असूनही जो गप्प बसतो, तोही तितकाच दोषी. वाक्य फार कडक झालं का, असं सरांनी विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, नाही सर, असंच हवं.

रविवारी संध्याकाळी ती सरांच्या घरी गेली. दार काकूंनी उघडलं. सर गॅलरीत खुर्चीवर बसले होते, सुट्टीच्या दिवशी, गळ्याला वकिलाचा पांढरा बँड लावून.

“सकाळपासून तयार होऊन बसलेत,” काकू म्हणाल्या. “मी काढायला गेले तर ओरडले. म्हटलं राहू दे, कुणाचं काय जातं.”

काकूंच्या मांडीवर सरांचा गाऊन होता आणि हातात सुई. ज्युनिअर समोर बसली. काकू मागच्या बाजूची शिवण घालत होत्या, कमरेच्या जरा खाली, उजवीकडे. तिथे काळ्या दोऱ्याच्या इतक्या ओळी झाल्या होत्या की ते कापड बाकीच्या कापडापेक्षा जाड दिसत होतं.

“आधी वर्षा-दोन वर्षांनी कधीतरी उसवायचं,” काकू मान वर न करता म्हणाल्या. “मी म्हणायची, जुना झाला, नवा घ्या. मग दर महिन्याला उसवायला लागलं. मग आठवड्याला. तुला काय वाटलं, मला कळलं नसेल?”

“काकू, तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू तरी कुठे बोललीस? तू ओढायचीस, मी शिवायची. दोघींनी मिळून दोन वर्षं ढकलली.” त्यांनी दाताने दोरा तोडला. “लोणी येऊन गेला काल. सगळं सांगून गेला.”

“मी काय करू, काकू?”

“मला नको विचारूस. मी बायको आहे त्यांची, मी एकच सांगणार.” आता त्यांनी वर बघितलं. डोळे कोरडे होते, पण नजर एका जागी ठरत नव्हती. “आयुष्यभर त्यांनी एक नाव कमावलं गं. दुसरं काही नाही जमवलं. आता ते त्यांचं ते विसरत चाललेत. लोकांनी तरी विसरू नये, एवढंच मागतेय. तुला पोरीसारखं मानलंय आम्ही. ताप होता म्हणालीस तर कुणाचं काय बिघडणार आहे?”

कुणाचं काय बिघडणार आहे, ते दोघींनाही माहीत होतं. ज्युनिअरला त्या क्षणी काकूंचा राग आला, आणि लगेच आपल्याला कोणत्या तोंडाने राग येतोय याची लाज वाटली. ती उठून गॅलरीत गेली.

सरांनी तिच्याकडे बघितलं, ओळखलं, खूष झाले. “ये ये. उद्या काय आहे आपलं?”

“इस्त्रीवाल्या बाईंचं आहे, सर.”

“हां, हां.” त्यांनी मान डोलावली. “सोपं आहे ते. दुकान एक दिवसही बंद नव्हतं. जावेला साक्षीला उभी कर, झालं. त्यात आपण हरायचं काही कारण नाही.”

तिला तिथे उभं राहवेना. येते म्हणून ती निघाली, आणि जिन्यात कठड्याला धरून रडली.

सोमवारी समिती संघाच्या सभागृहात बसली. समितीपुढे येणाऱ्या वकिलाने गाऊन घालूनच यायचं, हा नियमही सरांचाच. मधोमध उपाध्यक्षबाई. सरांच्याच वयाच्या, एकेकाळी कोर्टात त्यांच्याशी कडाकडा भांडलेल्या. एका बाजूला लोणी. शेवटच्या रांगेत, दाराजवळ, इस्त्रीवाल्या बाई एकट्याच बसल्या होत्या, पिशवी छातीशी धरून. सरांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. ते भोवती बघून प्रसन्नपणे मान लववत होते. आपण अध्यक्षाच्या खुर्चीत का नाही, असा प्रश्न त्यांना पडलेला दिसला नाही.

ज्युनिअरला बोलावलं. जबाब देणाऱ्याची जागा पहिल्या रांगेच्या अगदी पुढ्यात होती. ती जाऊन उभी राहिली, आणि आपल्या पाठीमागे कोण बसलंय याची तिला जाणीव झाली. आयुष्यभर ती त्यांच्या मागे उभी होती. आज ते तिच्या मागे होते.

लोण्याने वाट तयार करून दिली. “त्या दिवशी सरांना ताप होता, असं आमच्या कानावर आलंय. आपण तेवढं सांगितलंत तर हा विषय इथेच संपेल.”

“ते त्या सांगतील,” उपाध्यक्षबाई म्हणाल्या. “मी विचारते.” त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हा प्रश्न विचारणं त्यांनाही जड जात होतं. “आपले सर पूर्वीसारखे राहिले नाहीत, खटले त्यांच्या हातात राहत नाहीत, हे त्या दिवसाच्या कितीतरी आधी तुमच्या लक्षात आलं होतं. हे तुम्हाला मान्य आहे की नाही?”

ज्युनिअरने तोंड उघडलं.

आणि तिचा गाऊन ओढला गेला.

एकदा. हलकेच. ती ज्या जागी ओढायची, त्याच जागी. तिचं तोंड आपोआप मिटलं. तिने मान वळवली. सर खुर्चीत पुढे सरकले होते, तिच्या गाऊनचं टोक त्यांच्या मुठीत होतं. चेहरा स्वच्छ, सावध, काळजीने भरलेला. कित्येक महिन्यांत तिने तो चेहरा बघितला नव्हता.

“घाई नको करूस,” ते फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाले. “मान्य म्हणण्याआधी अशिलाकडे एकदा बघून घ्यावं.”

तिने अशिलाकडे बघितलं. दाराजवळच्या बाई तिच्याकडेच बघत होत्या. त्या नजरेत विनवणी नव्हती. बसस्टॉपवर उभ्या माणसाने न येणाऱ्या बसच्या दिशेने बघावं, तसं त्या बघत होत्या.

ती पुढे वळली. गाऊनला पुन्हा ओढ बसली, आणि लगेच आणखी एक, या वेळी जोराची. पान चुकलंय, पान चुकलंय.

“मान्य आहे,” ती म्हणाली. “दोन वर्षांपासून माहीत होतं. त्या दिवशी ताप वगैरे काही नव्हता. त्यांचं चुकलं ते मला तिथल्या तिथे कळलं होतं आणि मी बोलले नाही.”

शिवण उसवल्याचा आवाज झाला. एवढासाच, पण सभागृहात इतकी शांतता होती की तो सगळ्यांनी ऐकला.

सरांनी हातात आलेल्या कापडाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “अरेरे,” ते हळहळले. “हातची केस घालवलीस गं.”

त्यांचं नाव संघाच्या यादीतून गेलं. ज्युनिअरला तीन वर्षं काम करायला बंदी झाली. इस्त्रीवाल्या बाईंचा खटला पुन्हा उघडला आणि तोवर दुकानाला हात लावू नये असा हुकूम मिळाला. जिंकतीलच असं नाही, पण आता वकील नवा होता आणि जाऊ साक्ष द्यायला तयार होती. लोणी निवडणुकीत निवडून आला. ज्यांचे खटले त्या दोन वर्षांत बुडाले होते त्यांच्या शिव्या ज्युनिअरला खाव्या लागल्या, आणि ज्यांचं काहीच बुडालं नव्हतं त्या वकिलांनी तिला ओळख देणं बंद केलं. काकूंनी दार उघडलं नाही. ती दोनदा गेली, दोन्ही वेळा आतून सरांचा आवाज आला, “कोण आहे? आत घे की!” आणि दार बंदच राहिलं. वाचनालयातला खिळा अजून तसाच आहे.

मग एके दुपारी ती गाऊन घेऊन जिन्याखालच्या दुकानात गेली. का गेली ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. बाई इस्त्री फिरवत होत्या. तिला बघून त्यांचा हात थांबला, पण एका शर्टाची कॉलर अर्धी राहिली होती, ती त्यांनी पुरी केली.

“बसायला जागा नाही,” त्या म्हणाल्या.

“असू दे. उभी राहते.”

बाईंनी इस्त्री बाजूला ठेवली. “एक विचारू? माझे कागद घेतलेत, तेव्हाही माहीत होतं तुम्हाला?”

“हो.”

“तरी घेतलेत.”

“हो.”

बाईंनी आभार मानले नाहीत, माफही केलं नाही. त्यांनी गाऊन घेतला, टेबलावर पसरला, पाणी शिंपडलं. मागची बाजू वर आली तेव्हा त्यांचं बोट उसवलेल्या जागेवर थांबलं.

“इथे गेलंय. आधी शिवून आणा, मग इस्त्री करते.”

“नको,” ज्युनिअर म्हणाली. “तसंच करा.”

बाईंनी तिच्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि इस्त्री उचलली. उसवलेल्या दोन्ही कडा त्यांनी हाताने जवळ आणून नीट लावल्या आणि त्यांच्यावरून सावकाश इस्त्री फिरवली. वाफ निघाली. भिंतीवर एक खिळा रिकामा होता, त्यावर त्यांनी गाऊन टांगला.

“कधी हवाय?”

“घाई नाही,” ती म्हणाली.